टिचली

मे महिन्यात आईने लोणच्यासाठी बरणी मागवायला सांगितली. चिनीमातीची, वर तपकिरी खाली पांढरी, तोंडाला दादरा नीट बांधता येईल अशी. एवढ्या उन्हात तुळशीबागेत कोण जाणार म्हणून मी फोनवरून ऑर्डर टाकली आणि इथेच चुकलो.

खोकं आलं. त्यावर लाल अक्षरात ‘फ्रॅजाइल’ आणि काचेच्या ग्लासचं चित्र. फ्रॅजाइल आणि फ्रॅक्चर हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूवरून आलेत, फ्रँगेरे, म्हणजे मोडणं, हे मला नंतर कळलं, म्हणजे आत काय होणारे ते बिचाऱ्यांनी आधीच लिहून दिलेलं. आतून फुगेवाला प्लास्टिक इतका निघाला की लेकीने दोन दिवस फटाफट फोडत बसायची सोय झाली. आणि बरणी अख्खी! म्हटलं चला, पाच स्टार देऊन टाकू.

आईने बरणी मांडीवर घेतली, कान जवळ नेला आणि टिचकी मारली.

“बद्द वाजतेय.”

“म्हणजे?”

“खणखणीत वाजायला हवी. टिचलीये ही.”

खिडकीपाशी नेऊन बघितली तर खरंच गळ्यापासून पोटापर्यंत केसाएवढी रेघ. ह्यात लोणचं घातलं तर आठ दिवसांत फडताळात तेलाचं तळं होईल असं आईचं म्हणणं, आणि लोणच्याच्या बाबतीत आमच्याकडे तिच्यावर अपील नाही.

परत पाठवायचा फॉर्म उघडला. कारण निवडा. ब्रोकन, डॅमेज्ड, डिफेक्टिव्ह, पार्ट मिसिंग, आवडलं नाही.

“ब्रोकन टाकतो.”

“ब्रोकन म्हणजे?”

“फुटलेली.”

“फुटलीये कुठे? अख्खी तर आहे.”

“बरं, तुटलेली.”

“तुटायला काय दोरी आहे?”

“मग मोडलेली गं!”

“खुर्ची आहे का ती?”

आता हिच्यापुढे काय बोलणार, कारण बरोबरच आहे तिचं. काच फुटते, दोरी तुटते, खुर्ची मोडते, शर्ट फाटतो, शिवण उसवते, दूध नासतं, पातेल्याला पोचा येतो, कपाचा टवका उडतो, भिंतीला भेग पडते, आणि ह्यातलं एक जरी इकडचं तिकडे केलं तरी शेंबडं पोरगंसुद्धा हसेल. इंग्रजांकडे शब्द नाहीत असंही नाही हां, टवका गेला की चिप्ड, पोचा आला की डेंटेड, ठिकऱ्या झाल्या की शॅटर्ड, सगळं आहे, फक्त ते फॉर्म बनवणाऱ्याच्या घरी पोचलेलं नाही. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठीचे एवढे शब्द गोळा करून इंग्रजीत समजावून ठेवले, पुढे १८४७ ला कँडीसाहेबाबरोबर उलट्या बाजूनेही कोश काढला, आणि आज मला पाच पर्यायांत भागवायला लावतायत.

मग ब्रेक म्हणजे नक्की काय काय हे शोधायला गेलो आणि अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणं. आपल्याकडे उपास सोडतात, मोडला तर आजी आठवडाभर बोलत नाही. तिकडे दिवस ब्रेक होतो, आपल्याकडे तांबडं फुटतं. खिशात दमडी नसलेला तो ब्रोक, आपला कडका. बँकरप्ट तर इटालियनमधून आलाय, मूळ अर्थ मोडकं बाकडं! पाचशेची नोट मात्र ते पण मोडतात आपण पण मोडतो, तेवढं एक जमलं. आणि हे मोडणं सोडून नुसता मोड घेतला तर मटकीला आला की उसळ, दुसरीकडे कुठे आला की डॉक्टर.

तेवढ्यात आईने फोन लावायला लावला. पलीकडून, “सर, प्रॉडक्ट टूटा हुआ है क्या?” हिंदीत कसं, दिल टूटता है, नींद टूटती है, भरोसा टूटता है, बरणीनेच काय पाप केलंय. मी म्हणालो, टूटा नहीं है, लेकिन अखंड भी नहीं है. पलीकडे शांतता. चटकना असा शब्द हिंदीत आहे हे फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी आठवलं, नेहमीसारखं.

शेवटी चॅट. त्यात मराठीत बोललं की आपोआप भाषांतर होऊन जातं म्हणे. मी फोन तोंडाशी धरला आणि म्हणालो, “बरणी फुटली आहे,” म्हटलं जाऊ दे एकदाचं. तर आजी आतून, “दिवेलागणीला काय फुटली फुटली लावलंय रे! वाढली म्हण!” आमच्या आजीकडे बांगडी फुटत नाही, वाढते, नारळ वाढवतात, दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. वय वर्षं शहाऐंशी, तिच्यापुढे कोण बोलणार. मी मुकाट्याने म्हणालो, “बरं, बरणी वाढली आहे.”

गेलं ते तसंच. उत्तर आलं: आपल्याला जास्तीची वस्तू मिळाल्याबद्दल दिलगीर आहोत, ती परत नेण्यासाठी आमचा माणूस उद्या येईल.

म्हणजे एका बरणीच्या दोन झाल्या, कागदावर. त्या रात्री सगळं खापर माझ्यावर फुटलं (खापर मात्र फुटतंच, ते कधी वाढत नाही, आजीला विचारून घेतलंय). तुळशीबागेत गेला असतास तर तिथेच टिचकी मारून घेता आली असती, हे वाक्य जेवताना तीनदा झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअपवाला पोरगा आला. विशीतला असेल, घामाने निथळत होता. आईने आधी पाणी दिलं मग बरणी. त्याने ती उचलली, सहज बोटाने टक्क करून वाजवली आणि म्हणाला, “काकू, टिचलीये की ही.”

आईने माझ्याकडे असं बघितलं की बस्स. मग त्याला आत बसवलं, पन्हं दिलं, तो कुठला, घरी कोण कोण असतं, लोणचं कोण घालतं, सगळं झालं. पोरगा निघताना मशिनवर बोट ठेवून थांबला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“सर, इथं कारण विचारतंय. ब्रोकन टाकू का डॅमेज?”