अमावास्येची काच

रस्त्यात काच दिसली की लांबून जायचं, हे आईनं लहानपणी माझ्या डोक्यात इतकं भरवलं होतं की अजूनही मी चप्पल घातल्याशिवाय अंगणात उतरत नाही. तीच मी आता थोरल्या जाऊबाईंच्या कृपेनं कराडहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला काच वेचायला जाते. कंबरेला पट्टा बांधून.

जाऊबाई समुद्रकाचेची कानातली करतात. फुटकी बाटली समुद्रात पडते, लाटा आणि वाळू वीस-तीस वर्षं तिच्या कडा घासतात, खारं पाणी वरच्या थरातला सोडा-चुना काढून घेतं, म्हणून ती अशी पांढुरकी, धुरकट होते. हे त्या दूधवाल्यालाही सांगतात. दूध नासेपर्यंत.

जायचं ते अमावास्येलाच. तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. पाणी लांब हटतं, एरवी बुडालेले गोटे उघडे पडतात.

"अमावास्येला घाट उतरणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, ते चंद्राला विचारा," जाऊबाई म्हणाल्या.

हे मी म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत अबोला असता.

ओहोटी नेमकी पहाटेची. नुसत्या वाळूत काही मिळत नाही. गोट्यांचा पट्टा गाठायचा आणि वाकून चालायचं. ओलं असताना सगळंच चमकतं. म्हणून उचलायचं, ओढणीला पुसायचं, फुंकर मारायची. वाळून धुरकट दिसली तर काच, नाहीतर खडा. तपकिरी, हिरवी, पांढरी मिळते, पिणाऱ्यांच्या दयेनं. निळी क्वचित. लाल अजून जाऊबाईंच्या स्वप्नातच. एकदा नखाएवढा हिरवा तुकडा मिळाला, बाटलीच्या बुडाचा. कड गुळगुळीत आणि वर अर्धं उठावाचं अक्षर. मी हरखले. जाऊबाईंनी अंगठा फिरवला. "एक कोपरा बोचतोय. कच्ची आहे." आणि दिली परत समुद्रात भिरकावून. शिजल्यावर घ्यायला कोण येणार, हे थोरल्यांना विचारायचं नसतं.

खरा छळ लोकांचा. ओणवी बाई दिसली की किनाऱ्यावर कुणालाच राहवत नाही.

"काय हरवलं वहिनी?"

"काही नाही, काच बघतेय."

"चष्म्याची?"

तेवढ्यात मागून कुणीतरी "मंगळसूत्र असणार, सांगायला लाजतायत" म्हणालं आणि पुण्याची अख्खी सहल गोट्यांत उतरली. एका आजोबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून पट्टे वाटून दिले. माझा गळा मी दोनदा उघडा करून दाखवला, तर "मग दुसरं असेल," म्हणाले. जाऊबाई मात्र खूश. फुकटची माणसं! त्या रांगेमागून फिरत पांढरे तुकडे गोळा करत होत्या.

परतीच्या वाटेवर हळहळ ठरलेली. इंग्लंडात सीहॅम नावाच्या गावी बाटल्यांचा कारखाना होता, १९२१ साली बंद पडला. त्यानं समुद्रात टाकलेली काच लोक आजही वेचतात. "आणि आपल्या ओगलेवाडीत १९१६ साली काच कारखाना निघाला होता! तिथले प्रभाकर कंदील घरोघरी होते! तोच गुहागरला काढला असता तर?" पाटण येईपर्यंत हेच. प्रीतिसंगमावर त्यांनी शोधून पाहिलंय, पण कृष्णा-कोयनेला समुद्रासारखं घासणं कुठलं जमायला? मिळाल्या त्या बांगड्या, त्याही धारदार.

त्यात कानातल्यांना जोडी लागते. रंग जुळला तर जाडी जुळत नाही, जाडी जुळली तर आकार रुसतो. आमच्या धाकट्या दिरांचं लग्न याहून लवकर जमलं होतं. अखेर पांढऱ्या दोन तुकड्यांची जोडी लागली आणि जाऊबाईंनी ती धुऊन वाटीत वाळत ठेवली. ओट्यावर.

संध्याकाळी आरतीनंतर सासूबाईंनी शेजारच्या काकांच्या हातावर प्रसाद ठेवला. काका बराच वेळ या गालातून त्या गालात घोळवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, खडीसाखर चांगली आहे, पण जरा खारट लागते."

मी किंचाळले. जाऊबाई धावत आल्या आणि काकांच्या तोंडासमोर ओंजळ धरून म्हणाल्या, "चावू नका हो, जोडीतली आहे!"