आधी आंबवणं, मग भट्टी
घरी दारू बनवण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण आंबवणं आणि ऊर्ध्वपातन (आंबवलेलं उकळून, त्याची वाफ थंड करून कडक दारू काढणं) या दोन्ही गोष्टी एकाच दमात ‘सोपा छंद’ म्हणून सांगितल्यात, ते पटलं नाही. पहिलं खरंच सोपं आहे. सफरचंदाचा रस आणि वाइनचं यीस्ट घेऊन सुरुवात करावी. फक्त रसाच्या बाटलीवर पोटॅशियम सॉर्बेट (रस टिकवायला घालतात ते) लिहिलेलं नाही ना, ते बघा. त्यात यीस्ट वाढतच नाही आणि माणूस उगाच यीस्टला दोष देत बसतो. हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायचं साधन, मात्र हवाच. सुरुवातीची घनता १.०५० आणि शेवटची १.०१० आली, तर फरकाला १३१ ने गुणा: साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नसतं. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, नाहीतर त्या फुटतात. काच कुठवर उडते ते विचारू नका!

ऊर्ध्वपातनाचं तसं नाही. एक तर बहुतेक देशांत ते परवान्याशिवाय बेकायदा आहे (न्यूझीलंडसारखे अपवाद थोडे). शिवाय मिथेनॉलची (दारूत येणाऱ्या विषारी अल्कोहोलची) भीती सगळे घालतात, पण आगीचं कोणी बोलत नाही. अल्कोहोलची वाफ कुठून गळली आणि शेजारी उघडी ज्योत असली की संपलंच. आणि ‘पहिला भाग (भट्टीतून आधी निघणारा) फेकला की मिथेनॉल गेलं’ हे लेखातलं वाक्य तर सरळ चूक आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं हे खरं, पण मिश्रणात ते इतकं शिस्तीत वेगळं होत नाही, शेवटपर्यंत थोडंथोडं येतच राहतं. तेवढं दुरुस्त कराल का?