शाळा ‘घसरली’ म्हणे!

दुपारी जेवताना फोन उघडला तर इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर घरं शोधायच्या साईटचा स्क्रीनशॉट. आपली मिडल स्कूल (सहावी ते आठवी), शेजारी राज्याच्या टेस्टच्या मार्कांवरून दिलेल्या रेटिंगचा तो रंगीत गोल, आत १० पैकी ४. मागच्या वर्षी तिथे ७ होते. टाकणाऱ्याचा प्रश्न साधा होता, नवीन आलेत बिचारे, त्या भागात घर बघतायत, शाळेचं एवढं काय झालं म्हणून विचारलं. पण खाली जी रांग लागली ना! "अवॉइड करा." "आमच्या ओळखीचे वेळेत बाहेर पडले." "टीचर्स पहिल्यासारखे राहिले नाहीत म्हणे." ‘म्हणे’! एका वहिनींनी नुसतीच डोक्याला हात लावलेली इमोजी टाकली आणि तिला सगळ्यात जास्त लाइक्स. यातल्या एकाचंही मूल त्या शाळेत नाही. एकानेही आत पाय ठेवलेला नाही. सगळ्यांची मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत, जिथे एका इयत्तेत आपल्या अख्ख्या शाळेपेक्षा जास्त पोरं आहेत.

ग्रुपवर उत्तर टाइप करत होते, फार लांबत चाललं, म्हणून इकडे लिहितेय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जा.

आधी गणित, कारण आपण सगळे इंजिनिअर ना. छोटी शाळा आहे. आठवीत ४० मुलं धरा. एक मूल म्हणजे २.५ टक्के. ४ मुलांचा पेपर बिघडला की आठवीचा निकाल १० टक्क्यांनी ‘घसरला’. दोन मुलांना ताप, एकाचे आईबाप वेगळे होतायत, एक नुकतंच दुसऱ्या देशातून आलंय आणि इंग्रजीची परीक्षा पहिल्या वर्षी माफ असली तरी गणिताला बसावंच लागलं, झाली ४ मुलं. मोठ्या शाळेत हीच ४ मुलं गर्दीत दिसतही नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान भांडंभर भात तरी हवा, इथे मूठभर शितंच आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांचे आकडे घेऊन दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्येच हे दाखवलंय, छोट्या शाळा यादीत सगळ्यात वरही जास्त सापडतात आणि सगळ्यात खालीही, आणि वर्षावर्षाला उड्या मारतात. आपल्यातले अर्धे लोक ऑफिसात डेटाचंच काम करतात. सॅम्पल साइज छोटा असेल तर ज्युनियरला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापतात. आणि घरी येऊन हे.

आता त्या ‘घसरलेल्यां’पैकी एकाचं सांगते, कारण त्याला मी ओळखते. नाव अर्थातच नाही सांगणार. माझ्या मुलीच्या वर्गातला. वसंतात टेस्टचा आठवडा आला आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांचं अपार्टमेंट गेलं, भाडं वाढवलं होतं, परवडेना. सगळे मावशीकडे हॉलमध्ये झोपत होते, सामान काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत. फेडरल कायद्याने अशा मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं आणि न्यायची-आणायची सोयही शाळेने करायची असते, होतेही, पण लगेच होत नाही. तोवर मी सकाळी त्याला घेत होते. टेस्टच्या दिवशी मागच्या सीटवरून तो विचारतो, सगळीकडे एकच ऑप्शन क्लिक केला तर लवकर संपतं का? माझी मुलगी हसली. मी म्हटलं, संपतं रे, पण जे येतंय ते तरी लिही. शाळा येईपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

त्याने काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. मुलगी संध्याकाळी म्हणाली, सगळ्यात आधी त्याचं झालं, मग बेंचवर डोकं ठेवून झोपला.

आणि हाच मुलगा सातवीत असताना गणितात वरच्या लेव्हलला होता! म्हणजे ज्या ७ आकड्याचं तुम्ही कौतुक करत होतात त्यातही हा होता, आणि ज्या ४ ला नाकं मुरडताय त्यातही हाच आहे. मधे टीचर्स काही बदलले नाहीत हो. घर बदललं.

बरं अजून एक. हे मार्क वसंतातले, रिझल्ट येतो शाळा परत सुरू झाल्यावर, आणि त्या साईटवरचा आकडा बदलतो त्याच्याही नंतर. तोवर आठवीची मुलं हायस्कूलला पोचलेली असतात. म्हणजे यंदाची आठवी आणि मागची आठवी ही पूर्ण वेगळी माणसं आहेत, आपण त्यांची तुलना करतो आणि म्हणतो शाळा घसरली. तेच मूल गेल्या वर्षी कुठे होतं, आता कुठे आहे, याचा वेगळा ग्रोथचा आकडा बहुतेक राज्यं काढतात. तो बघायला अजून एक क्लिक करावं लागतं. एवढा वेळ कुणाला!

मी आत्ता राज्याच्या साईटवर जाऊन आपल्या शाळेचं पान परत बघितलं. निम्म्या रकान्यांत आकडाच नाही, चांदणी आहे. इंग्रजी शिकणारी मुलं, चांदणी. स्पेशल एज्युकेशन, चांदणी. कारण गट इतका छोटा की आकडा छापला तर मूल ओळखू येईल. कुठल्या राज्यात ही मर्यादा १० मुलांची, कुठे २०, कुठे ३०. म्हणजे सरकारच सांगतंय की बाबांनो इथे मुलं फार थोडी आहेत. आणि आपण त्याच मूठभर मुलांवरून एक गोल रंगवून घराच्या फोटोखाली चिकटवतो, घर किती बेडरूमचं, यार्ड केवढं, शाळा ४.

हो, मान्य आहे, टेस्ट नसत्या तर गरीब आणि अपंग मुलं वर्गात मागे पडतायत हे शाळांनी वर्षानुवर्षं झाकूनच ठेवलं असतं. वेगवेगळ्या गटांचे आकडे जाहीर करायला लावले हे चांगलं झालं. झालं, म्हटलं.

पण पुढे काय केलं त्याचं? २००२ चा तो ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा, देशातलं झाडून प्रत्येक मूल २०१४ पर्यंत प्रोफिशियंट, म्हणजे टेस्टमध्ये ठरवलेल्या पातळीला, होणार म्हणे. प्रत्येक! १०० टक्के! हे ज्यांनी लिहिलं ते आयुष्यात कधी सातवीच्या वर्गात बसले होते का? अर्थातच झालं नाही, २०१५ ला नवा कायदा आणला, पण तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची टेस्ट तशीच. आणि दबाव आला की माणसं काय करतात ते अटलांटात दिसलंच, मुलांच्या उत्तरपत्रिका टीचर्सनीच खोडून दुरुस्त केल्या, २०११ च्या राज्याच्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ जण निघाले, पुढे ११ जणांना कोर्टाने दोषी ठरवलं. खोडणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. पण जी शाळा प्रामाणिकपणे त्या झोपलेल्या मुलाचा पेपर जसाच्या तसा पाठवते तिला आपण ४ म्हणतो आणि इमोजी टाकतो. राग येतो मला याचा. खरंच येतो.

आणि कट स्कोअरच्या, म्हणजे पास व्हायच्या रेषेच्या, जरा खाली असलेल्या मुलांवरच सगळा जोर द्यायचा, फार खालचं मूल सोडून द्यायचं कारण ते काही यंदा वर येणार नाही, फार वरचं सोडून द्यायचं कारण ते पास आहेच, हे कितीतरी शाळांत चालतं. टक्का वाढतो. गोल हिरवा होतो. घरांच्या किमती वाढतात. सगळे खूश.

आपल्या शाळेत हे नाही करत, निदान मला तरी दिसलं नाही. आपल्या गणिताच्या टीचरला मी बघितलंय. छोटी शाळा म्हणजे तिन्ही इयत्तांचं गणित जवळपास तिच्या एकटीवर, वर लंचची ड्यूटी, वर रोबोटिक्स क्लब. टेस्ट संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला तिने काय विचारलं असेल? पेपर असा का दिलास, हे नाही विचारलं. ‘रात्री कुठे झोपलास’ विचारलं. हे मला त्यानेच गाडीत सांगितलं, आणि असं सांगितलं जसं काही विशेष नाहीच. नंतर उरलेल्या महिन्यात तो लंचला तिच्या खोलीत बसून प्रॉब्लेम्स सोडवायचा. हे कुठल्या रकान्यात जातं? चांदणीसुद्धा नाही त्याला.

ती टीचर आपला ग्रुप वाचत नाही, नशीब. पण ४ तिला दिसणारच, प्रिन्सिपलच्या टेबलावर, डिस्ट्रिक्टच्या मीटिंगमध्ये. आणि अशी माणसं एक दिवस कंटाळून निघून जातात, मग आपण म्हणायला मोकळे, बघा, टीचर्स राहिले नाहीत.

छोट्या शाळेत सगळं गोड आहे असं नाही. आठवीला अल्जेब्राचा वेगळा वर्ग काही वर्षी भरत नाही कारण तेवढी मुलं नसतात, ऑर्केस्ट्रा नाही, वाचनाच्या बाबतीत मलाही दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी शाळेत जाऊन बोललेय. ज्यांना ऑर्केस्ट्रा हवाय त्यांनी मोठी शाळा घ्या, खुशाल घ्या, ते कारण मला पटतं. गोल लाल झाला म्हणून नका सांगू.

आणि जरा आपल्याबद्दल. आपण सगळे मार्कांवरच इथपर्यंत आलो, त्यामुळे मार्क म्हणजे माणूस हे डोक्यातून जात नाही. पण तेव्हा निदान आपले मार्क आपल्याच नावाने लागायचे. इथे तर आपण अनोळखी मुलांचे मार्क बघून, त्यांच्यामुळे आपल्या मुलाचं काही बिघडेल का एवढंच बघतोय. शाळा ४ म्हणजे ‘तिथे कुठली मुलं येतात’ असंच म्हणायचं असतं ना बऱ्याच जणांना? मग तसं म्हणा की. रेटिंगच्या मागे कशाला लपता. त्या कचऱ्याच्या पिशव्यांतल्या सामानाची भीती वाटते, असं म्हणा.

जाऊ दे, जास्त झालं वाटतं. पण खोडत नाहीये.

तो मुलगा आता नववीत आहे. त्यांना दुसरं घर मिळालं, जरा लांब आहे पण स्वतःचं दार आहे. परवा भेटला, उंच झालाय, आवाज फुटलाय, माझ्या मुलीला कसल्या तरी गेमवरून चिडवत होता. आपल्या ग्रुपवर तो अडीच टक्के बनून फिरतोय याचा त्याला पत्ताही नाही.

ज्या दादांनी घराचं विचारलं त्यांना मी वेगळा मेसेज केलाय. मंगळवारी संध्याकाळी शाळेचं ओपन हाऊस आहे, मी जाणारच आहे, बरोबर या, गणिताच्या टीचरशी बोला, वर्ग बघा, मग घर घ्या नाहीतर नका घेऊ. बाकीच्यांनाही कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत. आणि पुढच्या वेळी कुणी असा स्क्रीनशॉट टाकला तर मी खाली एवढंच विचारणार, परीक्षेला मुलं किती बसली होती. दर वेळी विचारणार. म्यूट केलंत तरी चालेल.