‘दहा मिनिटांच्या कामाला तीन दिवस’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क काढून नवी लावणं हे दहा मिनिटांचं काम, त्याला आम्ही तीन दिवस लावले, बॅकअप गळ्यात मारला आणि तुम्ही आणलेली डिस्क नाकारून महागडी घ्यायला लावली, असं तुम्ही लिहिलंय. ऐन लग्नसराईत स्टुडिओचं काम अडकलं, तुमचा राग मला कळतो. पण असाच सर्व्हर वापरणारे इतरही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे ८ टीबीच्या चार डिस्कचा रेडझेड-१ पूल, म्हणजे डिस्क एकत्र जोडून केलेला एकच साठा आहे. एक डिस्क गेली तरी त्यात डेटा टिकतो, दोन गेल्या तर नाही. तिसरी डिस्क शेवटच्या घटका मोजत होती हे खरं. पण चारही डिस्कचे स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढले, तेव्हा पहिल्या डिस्कवरही वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, निघाले. रिपोर्टच्या १९७ क्रमांकाच्या ओळीत ते दिसतात. तेव्हा तिसरी डिस्क सरळ उपसली असती, तर पहिलीवरच्या त्या जागा भरून काढायला काहीच शिल्लक राहिलं नसतं. तुमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. लोकांच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत. म्हणून आधी बॅकअप घेतला, आणि त्याचा खर्च फोनवर सांगून, तुमचा होकार मिळाल्यावरच.

त्यानंतरही जुनी डिस्क काढली नाही. नवी मोकळ्या साटा पोर्टला (डिस्क जोडायच्या जागेला) जोडली आणि जुनी चालू ठेवूनच रिप्लेसची, म्हणजे तिच्या जागी नवी भरून घ्यायची, कमांड दिली. मरत आलेली डिस्कसुद्धा बराचसा डेटा नीट वाचून देते, तो आधार का सोडायचा? तुमचा पूल जवळजवळ भरलेला. सेकंदाला १८० एमबीचा वेग सलग मिळाला तरी ८ टीबी लिहायला बारा तासांहून जास्त लागतात, आणि प्रत्यक्षात इतका वेग शेवटपर्यंत टिकत नाही. मग पूर्ण स्क्रब केला, म्हणजे पूलमधला सगळा डेटा वाचून तपासला. त्यात पहिल्या डिस्कवरचे खराब ब्लॉक दुरुस्त होऊन पुन्हा लिहिले गेले.

तुम्ही आणलेली डिस्क एसएमआर प्रकारची होती. तिच्यात ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेषा) कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. घरी फाइल साठवायला ती चालते. पूल पुन्हा भरताना मात्र तिचा वेग इतका पडतो की काम दिवसेंदिवस रेंगाळतं, कधी सिस्टिम तिला बिघडलेली समजून बाहेरही काढते. म्हणून सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली डिस्क सुचवली. तिचं बिल तुमच्याकडे आहे, बाजारभाव जरूर ताडून पाहा.

आता एक विनंती. पहिली डिस्क सध्या चालतेय, पण तिच्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा स्क्रब होऊ द्या आणि स्मार्ट रिपोर्टमधल्या ५ (बदली दिलेले खराब सेक्टर) व १९७ या ओळींचे आकडे बघत राहा. वाढले तर डिस्कला हात न लावता आम्हाला फोन करा. सगळे रिपोर्ट जपून ठेवलेत, दुकानात या, समोर बसून दाखवतो.