'मेंग्वार' हा शब्द 'मंद'वरून आलेला नाही

"स्पॅनिशमधलं मेंग्वार (घटणे) हे क्रियापद संस्कृत 'मंद'वरून आलं. लॅटिनमध्ये घटण्याला शब्दच नव्हता, म्हणून अरबांनी तो भारतातून स्पेनला नेला. म्हणूनच तिथे कृष्णपक्षातल्या चंद्राला 'लूना मेंग्वान्ते' म्हणतात. संस्कृत हीच युरोपीय भाषांची जननी." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझी स्पॅनिश शिकणारी भाची तो प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवायला निघाली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

लॅटिनमध्ये शब्द नव्हता? 'मिनुएरे' म्हणजे कमी करणे, कमी होणे. ज्युलियस सीझर गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात, तिसऱ्या भागात, ओहोटीच्या वेळी जहाजं उथळ पाण्यात अडकून आपटत असं सांगतो. तिथे ओहोटीसाठी त्याचे शब्द आहेत 'मिनुएन्ते एस्तू'. हे लिहिलंय इसवी सनापूर्वी. अरब फौजा स्पेनमध्ये उतरल्या ७११ साली! साखर अरबांमार्फत स्पेनला गेली हे खरं, 'असूकार'चं मूळ आपल्या 'शर्करे'त आहे. म्हणून काय घटणंही त्यांनीच नेलं? आपण रोज म्हणतो ते 'मिनिट'ही याच मिनुएरेचं, लहान केलेला भाग या अर्थाचं.

बोली लॅटिनमध्ये मिनुएरेचं 'मिनुआरे' झालं. त्यातला 'उ' पुढे 'व'सारखा उच्चारला जाऊ लागला आणि स्पॅनिशमध्ये त्याच्याआधी 'ग' शिरला. पोर्तुगीजमध्येही 'मिंग्वार' आहे. शेजारच्या कॅटलानमध्ये मात्र 'ग' न येता 'मिनवार' असंच लिहितात. स्पॅनिश राजअकादमीचा कोशही मेंग्वारची व्युत्पत्ती मिनुएरेकडेच नेतो. 'मंद'मधला 'द' गेला कुठे, हे मेसेजवाल्यांनी सांगावं.

कृष्णपक्षातल्या चंद्राला स्पॅनिशमध्ये 'लूना मेंग्वान्ते' म्हणतात, एवढं त्यांचं बरोबर. चंद्र घटतो म्हणून. त्याने मूळ सिद्ध होत नाही.

आणि हो, संस्कृतशी नातं आहे, हे मान्य करायलाच हवं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात उषेला 'प्रमिनती मनुष्या युगानि' म्हटलंय, म्हणजे माणसांची आयुष्यं घटवणारी. हा 'मी' धातू, 'मिनाति'. तो आणि मिनुएरे एकाच जुन्या मुळातून फुटलेले, पण ती भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. प्रोजेक्टमध्ये लिहायचंच तर हे लिहावं, संदर्भासकट.