गोवर-रुबेलाच्या लसीवरचा तो मेसेज खोटा आहे

"गोवर-रुबेलाची लस दिली की मुलींना पुढे मूल होत नाही" हा मेसेज परत फिरतोय, तो साफ खोटा आहे. २०१८ ला महाराष्ट्रात शाळाशाळांतून ही लस दिली तेव्हाही हेच पसरवलेलं, आणि त्याआधी पोलिओच्या डोसबद्दल पण लोक अगदी हेच बोलायचे.

लसीत गोवर आणि रुबेलाचे कमजोर केलेले विषाणू असतात, त्याने मूल होण्यावर काहीच परिणाम होत नाही. उलट गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर गर्भपात होऊ शकतो, नाहीतर बाळ बहिरं, डोळ्यात मोतीबिंदू किंवा हृदयात दोष घेऊन जन्माला येऊ शकतं, म्हणजे मुलींना तर ही लस आधी द्यायला हवी!

दंडावर टोचतात, अर्धा एमएल. नऊ महिने पूर्ण झाले की एक, मग १६ ते २४ महिन्यांत दुसरा, सरकारी दवाखान्यात फुकट. नंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, बारीक पुरळ येऊ शकतं, आपोआप जातं.

२०२२ ला गोवंडीत गोवराने लहान लेकरं दगावली, ते आठवलं की असले फॉरवर्ड बघून खरंच संताप होतो. डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, आशाताईंना विचारा.