बिनतळणीचा घाम

"यात तळण नाही, फोडणी नाही, वाटण नाही, पाच मिनिटांचं काम!" अशी ज्या पदार्थाची ओळख करून दिली जाते, त्याच्यापासून मी जपून असतो. तळण, फोडणी आणि वाटण ही तिन्ही मंडळी स्वयंपाक करणाऱ्याच्या पक्षातली. भजं वाकडं झालं तर तेल सांभाळून घेतं. रस्सा पातळ झाला तर वाटण धावून येतं. कोळंबी आणि हिरव्या पाल्याच्या व्हिएतनामी रोलमध्ये, म्हणजे गोय कुऑनमध्ये, धावून येणारं कुणीच नाही. वर बाहेरचं आवरण पारदर्शक. आपण आत काय घोळ घातलाय तो खाण्याआधीच पाहुण्यांना दिसतो.

हा पदार्थ दक्षिण व्हिएतनामचा. सायगॉनच्या फुटपाथवर गाडी लावून बसलेली बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, हाताकडे न बघता एकेक रोल वळून ठेवते. ते बघून आपल्यालाही वाटतं, जमेल. तो क्षण धोक्याचा.

सगळं प्रकरण बाहेरच्या आवरणाभोवती, म्हणजे तांदळाच्या कागदाभोवती फिरतं. बान्ह त्रांग त्याचं नाव. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फडकं ताणून बांधायचं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने पसरायचं, झाकण ठेवून वाफ द्यायची, मग बांबूच्या पातळ पट्टीने अलगद उचलून बांबूच्या जाळीवर उन्हात टाकायचं. कागदावर जी चौकड्यांची नक्षी असते, ती मुळात या जाळीचा ठसा. कोकणात तांदळाच्या फेण्या घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की फेणी आपण तळतो आणि हे लोक वाळवलेली वस्तू पुन्हा भिजवतात. आपल्या वाळवणाच्या दिवसांत अशी कल्पना कुणी मांडली असती, तर त्याला काठी देऊन कावळे हाकायला गच्चीवर बसवलं असतं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. तांदूळ, टॅपिओका, मीठ, पाणी, बस. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचं स्टार्च. ते जास्त असेल तर कागद जास्त पारदर्शक, ताणला जाणारा आणि हाताला चिकटणारा. नुसता तांदूळ असेल तर पांढरट आणि तडकायला उत्सुक. नवशिक्याने टॅपिओकावाला घ्यावा आणि २२ सेंटिमीटरचा घ्यावा. १६ सेंटिमीटरमध्ये दोन पानं आणि एक उसासा एवढंच मावतं. २८ चा वळायला मोठा हात आणि मोठं मन दोन्ही लागतात. चार माणसांना तीन-तीन प्रमाणे बारा रोल धरले तर कागद सोळा काढा. वरचे चार देवाला.

आता भिजवणं. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: कागद मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवतो. तर्क बरोबर वाटतो, कारण मऊच हवा आहे. पण कागद पाण्यातून बाहेर आल्यावरही अंगावरचं पाणी पीतच राहतो. पाण्यात मऊ झालेला कागद पाटावर येईपर्यंत लगदा होतो, स्वतःलाच चिकटतो आणि त्याची घडी उलगडताना घरातलं वातावरण बिघडतं. म्हणून पसरट ताटात साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्यायचं, कागद पाच ते आठ सेकंद बुडवायचा आणि तो अजून ताठ आहे, "हा कसला वळतोय" असं वाटत असतानाच बाहेर काढायचा. अर्ध्या-पाऊण मिनिटात तो आपण होऊन नरमतो. तेवढ्यात सारण मांडून होतं. कढत पाणी अजिबात नको, त्यात एकदम ढिला पडतो. आणि एका वेळी एकच कागद. "चार भिजवून ठेवते, म्हणजे पटपट होतील" या वाक्यानंतर चार कागदांचा एक कागद होतो.

ठेवायचा कशावर? पोळपाट चालतो, पण ओला केलेला. कोरड्या लाकडाला आणि कोरड्या स्टीलला कागद असा धरतो की सुटताना अर्धा तिथेच ठेवून येतो. पोळपाट दिसला की आपला हात सवयीने पिठाच्या डब्याकडे जातो, तो आवरा. पीठ भुरभुरलं तर कडा एकमेकींना चिकटायच्या नाहीत आणि रोल ताटात उघडा पडेल.

कोळंबी घेताना मध्यम आकाराची घ्यावी. बारा रोलांना अठरा लागतात, म्हणजे डोक्यासकट साधारण ४०० ग्रॅम. करंदी इथे कामाची नाही, आणि मोठी टायगर चिरली तरी कागदाला पोट आणते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तळ्यातली व्हॅनामी मिळते. तिचा आकार एकसारखा असल्यामुळे या कामाला ती उलट सोयीची. मात्र कोळंबी घरात आली की हळद-मीठ चोळण्याचा जो पिढीजात संस्कार आहे, तो आजच्यापुरता बाजूला ठेवायचा. कागदातून गुलाबी रंग दिसण्यासाठी तर सारा खटाटोप. हळदीची कोळंबी आतून कावीळ झाल्यासारखी दिसते.

शिजवायची सालीसकट. साल असली की चव पाण्यात कमी जाते. एक लीटर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून उकळी आणायची, कोळंबी टाकायची, गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं, दोन ते तीन मिनिटं. इंग्रजी 'सी'सारखी वाकली की झाली, 'ओ' झाली की रबर झालं. पोटाकडचे स्नायू पाठीकडच्यांपेक्षा जोरात आकसतात म्हणून ती वाकते. अगदी सरळ हवी असेल तर शिजवण्याआधी शेपटीपासून डोक्याकडे दातकोरणं खुपसा. ते काढायला विसरू नका. पाहुण्याला ते टाळूत सापडणं ही आदरातिथ्यातली न भरून येणारी चूक. शिजल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात, नाहीतर गॅस बंद असूनही आतल्या उष्णतेने ती शिजतच राहते. पूर्ण गार झाली की सोलून, आडवी ठेवून पाठीवरून लांबीत चिरायची: दोन फाका आणि काळा दोरा एकाच चिरेत मोकळे. गरम असताना चिरली तर फाका होत नाहीत, भुगा होतो.

मूळ रोलमध्ये कोळंबीबरोबर उकडलेल्या डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे पातळ काप असतात. घरात चालत असेल तर २०० ग्रॅम तुकडा अर्धा तास मंद उकळून, गार करून कापा. नसेल तर वगळा, कागदाला कळत नाही.

तांदळाच्या शेवयांना तिकडे बून म्हणतात. कोरड्या १२० ग्रॅम घ्या. बारीक असतील तर गॅस बंद करून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं पुरतात, जाड असतील तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळा. मग पाणी नितळ येईपर्यंत गार पाण्याने धुवा आणि चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवा. ही वीस मिनिटं खाल्लीत तर कागद फाटणार, ठरलेलंच. तळकोकणातल्या कुणाच्या घरी शिरवाळ्यांचा सोऱ्या असेल तर प्रश्नच मिटला. फक्त नारळाचा रस आणि गूळ त्या दिवशी नजरेआड ठेवा, नाहीतर रोल बाजूला राहून वाट्या भरतात.

पाला हा या पदार्थाचा खरा मालक आणि आपल्याकडे नेमकी तिथेच कंजुषी होते. पोह्यांवर कोथिंबीर पेरावी तशी दोन पानं टाकून काही होत नाही. प्रत्येक रोलमध्ये पुदिन्याची पाच-सहा पानं, कोथिंबिरीचे दोन-तीन कोवळे शेंडे, तुळशीची तीन-चार पानं आणि खाली लेट्यूसचं एक अख्खं पान हवं. तुळस म्हणजे वृंदावनातली नव्हे. तिच्या कच्च्या पानाला लवंगेचा झणका असतो, तोंडात औषधाचा काढा घेतल्याचा भास होतो. हवी थाई तुळस, बडीशेपेच्या वासाची. बाजारात नाही मिळाली तर वाण्याकडचा सब्जा कुंडीत पेरा. थाई तुळस आणि सब्जा एकाच जातीतले, वासात थोडा फरक. दीड-दोन महिन्यांत पानं खुडता येतात. अर्थात पाहुणे शनिवारी येणार असतील तर हा सल्ला उशिराचा आहे. राउ राम आणि पेरिला हा तिकडचा सुगंधी पाला मिळवण्याच्या भानगडीत पडू नका, पुदिना आणि कोथिंबीर वाढवा.

पाला कच्चा खायचाय, म्हणून प्यायच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. नंतर कोरडा करा. कोरडा म्हणजे झटकलेला नव्हे. पंच्यावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून टिपलेला. पुदिन्याचे देठ पूर्ण काढा. कागद फाडण्यात त्यांचा हात कोळंबीच्या शेपटीपेक्षा वर आहे.

आता वळणं. कागदाच्या आपल्याकडच्या एक तृतीयांशावर लेट्यूस, मधली जाड शीर मोडून. त्यावर मुठीत मावेल त्याहून कमी शेवया, पंचवीस ग्रॅमच्या आसपास, मग पाला. ढीग दहा सेंटिमीटर रुंद, तीन उंच, यापुढे हाव. आपल्याकडची कड उचलून ढिगावर टाका, बोटांनी ढीग आत ओढून धरा आणि एक वळसा द्या. जुनी माणसं प्रवासाला निघताना वळकटी बांधत तसा, गुडघ्याने दाबल्यासारखा घट्ट. मग दोन्ही बाजू आत दुमडा. आता, आणि आताच, पुढच्या उघड्या कागदावर कोळंबीच्या तीन फाका गुलाबी बाजू खाली करून ओळीने ठेवा. लसणाच्या पातीचा लांब तुकडा एका टोकातून बाहेर डोकावेल असा टाका आणि शेवटपर्यंत वळत न्या. कोळंबी सुरुवातीलाच ढिगात टाकली तर ती शेवयांत गडप होते आणि पाहुणे म्हणतात, "शाकाहारी पण छान लागतं हो!"

रोल फाटला तर कारण शोधायला फार लांब जायला नको. मधोमध फाटला तर सारण ओलं, भोक पडलं तर देठ, सगळाच विरघळला तर भिजवण जास्त, आणि शिवणीवर उसवला तर लोभ. फाटलेला टाकू नका, दुसरा कागद बुडवून त्यावर चढवा. जरा जाड लागतो, पण चटणीत बुडवल्यावर चौकशी होत नाही.

चटण्या दोन. सायगॉनकडे या रोलबरोबर दाण्याची जास्त चालते: चमचाभर तेलात दोन लसूण पाकळ्या परतून चार मोठे चमचे होइसिन सॉस (सोयाबीनचा दाट, गोडसर चिनी सॉस), दोन मोठे चमचे पीनट बटर आणि सहा चमचे पाणी, दोन मिनिटं ढवळत. वरून भाजलेल्या दाण्यांचा भरडा. पीनट बटर नसेल तर मराठी घरात दाण्याचं कूट असतंच. मिक्सरमध्ये ते तेल सोडेपर्यंत फिरवा. जिरं घालू नका, मोह झाला तरी. दुसरी नुओक चाम: सहा-आठ चमचे कोमट पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे फिश सॉस, शेवटी बारीक चिरलेला लसूण आणि मिरची. लसूण शेवटी घातला की तरंगतो, आणि तो तरंगलेलाच दिसला पाहिजे. फिश सॉस म्हणजे मांदेलीएवढे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी. व्हिएतनामच्या फू क्वॉक बेटावरच्या सॉसला २०१२ साली युरोपीय संघाने नावाचं संरक्षण दिलं. बाटलीवर ३० किंवा ४० असा आकडा असतो, तो लीटरमागे नायट्रोजन किती ग्रॅम याचा. जास्त तर दाट चव. बाटली उघडताना शेजारच्या सोसायटीची बैठक सुरू नसावी, एवढीच काळजी घ्या. सुकट भाजणाऱ्या घरांना हाही सल्ला नको.

खरी कोंडी यानंतर आहे. आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवावे म्हणाल तर तांदळाचं स्टार्च थंडीत पुन्हा आवळतं, कागद चिवट आणि पांढरा पडतो, चावताना जबडा मोजून घेतो. बाहेर ठेवावे तर शिजलेली कोळंबी. दोन तासांपुढे नको, उन्हाळ्यात एकच तास. ओल्या फडक्याखाली, एकमेकांना न शिवता ठेवलेले रोल तेवढाच वेळ धीर धरतात. म्हणजे सारण सकाळी तयार होऊ शकतं, वळण्याची वेळ मात्र पाहुण्यांच्या आगमनाचीच. वळणारा ओट्याशी, मंडळी टेबलाशी, आणि टेबलावरून एक काका अतिशय प्रेमाने विचारणार, "वहिनी, तळायला कधी घेताय?" त्यांना दोष देता येत नाही. तळलेला भाऊ, चा ज्यो, खरोखरच आहे आणि तोही लोकप्रिय आहे.

व्हिएतनामी घरांनी या कोंडीवर कधीच उपाय काढून ठेवलाय: ज्याने त्याने आपला वळून घ्यायचा. मधोमध पाल्याचं ताट, शेवया, कोळंबी, कागदांची चवड आणि पाण्याचं पसरट ताट. मराठी पंगतीत हे बसवायचं तर थोडी तयारी लागते. पाण्याची ताटं दोन ठेवा, कारण सहा-सात कागदांनंतर पाणी पेजेला येतं आणि बदलावं लागतं. प्रत्येकाच्या पुढ्यात उलटं ठेवलेलं ओलं ताट द्या. कोळंबी माणशी मोजून वाट्यांत द्या, नाहीतर पहिल्या दोघांच्या रोलमध्ये बारा-बारा फाका जातात आणि तिसरा लेट्यूस खातो. "मला तुम्हीच करून द्या" म्हणणाऱ्याला पहिला द्या आणि दुसऱ्याच्या वेळी कागद त्याच्या हातात ठेवा. ओला कागद हातात आला की माणूस फार वेळ बोलू शकत नाही.